आबांची दहा बोटं

“उठा रे! सरकार टेबल मांडून बसलंय आणि तुम्ही काय झोपी ऱ्हायनात?”

सकाळचे सहा वाजले होते आणि आबा पार्किंगमध्ये उभे राहून ओरडत होते. आबा सुरतेत इकडे गोडादऱ्यात ओरडले की तिकडे पर्वत पाटियावर रिक्षावाले ब्रेक मारतात. मतदानाचं इतकं वेड लागलेला माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल आणि तो आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहत होता, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. आबा मूळचे धुळ्याकडचे. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. कापड रंगवता रंगवता त्यांचे हात असे रंगले होते की पंगतीत त्यांनी वाढायला घेतलं की वरणाचा रंग बदलेल की काय, अशी धाकधूक व्हायची.

आबांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, मतदार यादीतले क्रमांक राहत. “काय चारशे बारा, ताप उतरला का?” असं ते जिन्यातच विचारत. चारशे बाराची बायको म्हणजे चारशे तेरा. ती एकदा भांडून माहेरी गेली तर आबांना तिच्या संसाराची नाही, यादीतल्या खाडाखोडीची काळजी लागली. स्वतः नंदुरबारला जाऊन समजूत घालून तिला घेऊन आले. बिल्डिंगमध्ये नवी नवरी आली की उंबऱ्याशी माप ठेवलेलं असायचं आणि मापाशेजारी फॉर्म घेतलेले आबा. “आधी यादीत नाव चढव पोरी, उखाण्यातलं मग घे.”

आबांनी मनावर घेण्याआधी आमच्या गल्लीत मतदान म्हणजे आनंदच होता. अर्ध्यांची नावं गावच्या यादीत, अर्धे लूमवर रात्रपाळी करून झोपलेले आणि उरलेले अर्धे डुमसच्या समुद्रावर टमाट्याची भजी खायला. आमच्या गल्लीत अर्धे तीन असतात. एकदा भर दुपारी बूथमध्ये बकरी शिरली, तर पोलिसानं तिला अदबीनं वाट करून दिली. निदान कुणीतरी आलं, म्हणाला.

मी पहिल्या अर्ध्यातला. पंचवीस वर्षं सुरतेत साड्यांच्या घड्या घालतोय, पण तेव्हा नाव गावच्या यादीत. मत ना तिकडे दिलं ना इकडे. निवडणूक म्हणजे मार्केटला सुट्टी, एवढंच माझं राजकारण. आबांनी मला हाताला धरून फोटो काढायला नेलं, फॉर्म भरला, नाव इकडे आणलं. मी कुरकुरलो, “आबा, माझ्या एका मतानं काय होणार आहे?” एरवी गडगडाटी हसणारा माणूस हसला नाही. “तीस वर्षं रंग देतोय मी,” म्हणाले. “साडी लाल करू का हिरवी, हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. पाच वर्षांनी कुणीतरी टेबल मांडून विचारतं, आबा, तुम्हाला कोण पाहिजे? तेव्हा मी काय सांगू, झोप येतेय?”

म्हणून मी त्या दिवशी रांगेत होतो. दर निवडणुकीला आबा आठ दिवस आधी रजा टाकून लिंबू-मिठानं हात घासत बसत. शाई लावायला बोट कोरं पाहिजे ना! त्या वर्षी रजा मिळाली नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत काळ्या रंगाची ऑर्डर, त्यात हातमोजे फाटलेले. सकाळी आबांचे हात डांबरात बुडवून काढल्यासारखे.

टेबलामागच्या बाईंनी त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी पाहिली आणि कागद परत सरकवला. “काका, तमारो वोट तो थई गयो छे.”

आबांचा आवाज गेला. खरंच गेला. ज्या आवाजानं आम्हा साठ माणसांना अंथरुणातून ओढून आणलं होतं, त्याला हातभर टेबल ओलांडता येईना. मागून चारशे बारा ओरडला, “आबांचं होत नसेल तर आम्ही पण घरी जातो!” पोलीस पुढे आला. तेव्हा आबांनी सावकाश दोन्ही पंजे टेबलावर पसरले.

“बेन, दसों काली हैं. दस बार वोट डाला क्या मैंने?”

रांग खदखदून हसली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी रजिस्टर ओढलं. आबांच्या क्रमांकापुढे सही नव्हती. मग आबांनी अशी सही ठोकली की ती खालच्या दोन मतदारांच्या रकान्यांत उतरली. शाईचा थेंब त्या काळ्या बोटावर पडला आणि तापीत पडावा तसा नाहीसा झाला.

आता आबा रिटायर होऊन गावी गेलेत. हात उजळलेत म्हणे. आमच्या गल्लीची रांग हल्ली शाळेच्या फाटकाबाहेर येते. कुणी ओरडत नाही, तरी मतदानाच्या दिवशी सहाला मला जाग येते, बहुतेक त्या शांततेनंच.

आबांचे आभार मानायचे राहूनच गेले. त्या दिवशी बूथवरून परतताना प्रयत्न केला होता. माझ्या बोटावर आयुष्यातली पहिली शाई चमकत होती आणि मी ते बोट निशाणासारखं पुढे धरून चाललो होतो. शेवटी म्हटलं, “आबा, एवढं भांडलात, आणि तुमची शाई तर कुणालाच दिसणार नाही.”

आबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं.

“तुन्ही शाई दिसस ना,” म्हणाले.