कासमभाईंचा शेवटचा फॉल्ट

बातमी आली तेव्हा मी एक धडधाकट मोटर तिसऱ्यांदा जाळून बसलो होतो. मोटर कॉम्प्युटरमधली होती म्हणून धूर झाला नाही. पडद्यावर लाल अक्षरांत ‘मोटर जळाली’ असं उमटलं आणि खाली ‘पुन्हा प्रयत्न करा’. इलेक्ट्रिशियनचं काम शिकवण्यात माझी उभी हयात गेली आहे, त्यामुळे कोणी बघत नाही ना याची खात्री करून मी पडदा बंद करत होतो, तेवढ्यात मालवणहून कासमभाईंच्या पुतण्याचा फोन आला. ‘सर, चाचा गेले... सकाळी, चाय पिता पिता.’ आणि मी, माणूस म्हणून मिरवणारा प्राणी, पहिल्यांदा काय बोललो असेन? ‘अरे, पण फॉल्टचं उत्तर?’ पुतण्याने फोन ठेवला. मग खुर्चीत बसून राहिलो आणि त्या लाल अक्षरांकडे बघत असताना डोळे भरून आले.

कासमभाई बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातले वायरमन. शिक्षण चौथी की पाचवी, त्यांनाच नक्की आठवत नसे. पण कंप्रेसरच्या पॅनेलसमोर दोन मिनिटं उभे राहिले की नाडी बघितल्यासारखं सांगत, ‘ह्येका खारी हवा बाधली हा.’ उघडून बघावं तर आतले जोड खरंच हिरवे पडलेले. कुडाळला आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आठवड्यातून दोन दिवस ते शिकवायला येत. त्यांना बोलावून आणलं मी, हे मी सगळीकडे सांगतो. का आणलं, ते आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

नवीन डिप्लोमा घेऊन मी त्याच कारखान्यात दुरुस्तीला गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल मुठीचा टेस्टर. टेस्टर लावला, पेटला नाही, म्हणजे वीज नाही, म्हणून पॅनेलमध्ये हात घातला. त्यानंतरची आठवण अशी, की मी बांगडा माशांच्या क्रेटमध्ये उताणा पडलो आहे, एक बांगडा माझ्या कॉलरमध्ये आहे आणि वरून एक दाढीवाला चेहरा वाकून विचारतो आहे, ‘टेस्टर तपासलंस?’ मी जिवंत आहे का, हा प्रश्न नाही. मी क्रेटमधूनच ठणकावून सांगितलं, ‘तपासला.’ त्यांनी माझा टेस्टर उचलला, चालू सॉकेटमध्ये घातला. पेटला नाही. ‘मेलोलो टेस्टर घेवन फिरतंस रे मास्तरा,’ ते म्हणाले आणि तो स्वतःच्या खिशात टाकला. मी मास्तर झालो पुढे दोन वर्षांनी. त्यांनी पदवी आधीच देऊन टाकली. टेस्टर मात्र परत दिला नाही.

त्यांची एक रीत होती. टेस्टर असो की मीटर, आधी चालू सॉकेटला टेकवायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा सॉकेटला. तीनदा. घरातला दिवा दुरुस्त करायचा असला तरी तीनदा. आमची मुलं मागे नक्कल करायची, मीही थोडी करायचो. एकदा त्यांनी पकडलं आणि म्हणाले, ‘हस. तीनदा टेकवणारो हसत घराक जाता.’

पाच कॉम्प्युटर आणि ते फॉल्ट शोधायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मला वाटलं, आता म्हाताऱ्याला दाखवतो. पडद्यावर पॅनेल, मोटर, स्टार्टर, हातात धरायला मीटर, सगळं चित्रातलं. शिक्षकाने आत बिघाड लपवायचा आणि मुलांनी मोजमापं घेत तो शोधायचा. मी छाती पुढे काढून समजावलं. कासमभाईंनी चष्मा कपाळावर नेला.

‘हेच्यार शॉक लागता?’

‘नाही ना! तेच तर.’

‘मगे भिया नाय तर शिकतले कशे?’

मी सरळ माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाळलेल्या बोंबलासारखा दोन बोटांत धरला आणि कुठलं तरी बटण दाबून मोटर जाळली. मग ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबलं, मोटर नवी कोरी. पुन्हा जाळली, पुन्हा नवी. पाच-सहा वेळा. मी हसत होतो... आणि मग पाहिलं, ते हसत नव्हते. ‘माझ्या युसुफाक,’ ते म्हणाले, ‘ह्या बटन मिळाक नाय.’ युसुफ त्यांचा धाकटा भाऊ. त्याच कारखान्यात, मला शॉक बसला त्याच पॅनेलवर, बिघडलेल्या टेस्टरवर विसंबून बाविसाव्या वर्षी गेला. इतक्या वर्षांच्या ओळखीत हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. क्रेटमधल्या मला त्यांनी आधी टेस्टरबद्दल का विचारलं, ते तेव्हा समजलं. ‘पोरांका हयसर चुकांदे,’ ते उठताना म्हणाले. ‘हयसर चुकान ते घराक तरी जातले.’

त्यानंतर ते माझ्यापेक्षा जास्त त्या यंत्रापुढे बसू लागले. घरून एक वही आणली, त्यात आयुष्यभराचे बिघाड. घुशीने कुरतडलेली केबल. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरमध्ये अडकून वाळलेली पाल. ऊन चढलं की बंद पडणारा आणि सावलीत आपोआप चालू होणारा पंप. हेमांगी एकेक बिघाड सॉफ्टवेअरमध्ये बसवत असे. ती आचऱ्याची, नवरा ट्रॉलरवर, गावातले मिक्सर दुरुस्त करता करता आमच्या कोर्सला आलेली. सॉफ्टवेअरवाल्यांना तर कासमभाईंनी फोन करकरून बेजार केलं. तासभर काहीतरी वाद घालत, मी विचारलं तर म्हणत, ‘तुझ्या कामाचा नाय.’ सॉफ्टवेअर माझ्या खात्यात आणि काम माझं नाही! मी दोन दिवस रुसलो होतो. कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी रुसवा सोडला.

शेवटची भेट एका गुरुवारी. त्यांनी एक बिघाड स्वतः बसवला, हेमांगीलाही बाहेर काढून, आणि उत्तराला आपला पासवर्ड लावला. म्हणाले, ‘ह्यो सोडवतलो तेकाच कारखान्यात पॅनेलाक हात लावक देवचो. सगळ्यात पयलो तू सोडव. नाय सुटलो तर माका इचारू नको.’ एसटीत चढताना खिडकीतून पुन्हा ओरडले, ‘इचारू नको हां!’ आता विचारायची सोयच त्यांनी ठेवली नाही.

मालवणला दफन आटोपून परत आलो. पुढचे पाच आठवडे मी त्या बिघाडाशी झटत होतो. मीटर कुठेही लावा, शून्य. म्हणजे पुरवठाच नाही. मी स्टार्टरचं कॉइल बदललं, बटणं बदलली, सगळी वायरिंग नव्याने ओढली, मीटरवर शून्य ते शून्यच. दर वेळी वैतागून मोटरच्या संरक्षणाचा रिले बाजूला काढायचो आणि मोटर थेट जोडायचो, ती घूं घूं करून जळायची. नव्या मोसमाआधी कारखान्यात दुरुस्ती निघाली होती आणि माझी अकरा जणांची बॅच तिथे शिकाऊ म्हणून जायची होती. मालक दोनदा विचारून गेले. मी ‘मुलांची तयारी अजून व्हायची आहे’ असं तोंड वर करून सांगत होतो. तयारी माझी व्हायची होती. नियम मोडून त्यांना पाठवावं, असं एकदा मनात आलं... पण ते पॅनेल युसुफचं. मोडवेना.

मध्यंतरी कासमभाईंच्या घरी भाभींना भेटायला गेलो. त्यांनी कासमभाईंचा पत्र्याचा डबा उघडला आणि एक लाल मुठीचा टेस्टर माझ्या हातावर ठेवला. ‘ह्यो तुमचो. मास्तराचो म्हणान जपान ठेवललो, कोणाक हात लावक देयत नाय होते.’ मी तो आणून प्रयोगशाळेत, सॉकेटच्या वर, खिळ्याला टांगला. खाली मिनिटभर हात जोडून उभा राहिलो आणि वळून पुन्हा मोटर जाळायला बसलो.

शेवटी एका सोमवारी मी हेमांगीला बोलावलं. अर्थातच ‘तुझी परीक्षा घेतो’ असं सांगून. ती खुर्चीत बसली, मीटर उचलला आणि पॅनेलकडे न नेता चित्रातल्या भिंतीवरच्या चालू सॉकेटला टेकवला. शून्य. तिने मीटरची वायर बदलली. पुन्हा टेकवला, आकडा उमटला. मग पॅनेल, तिथे तीनपैकी एक फ्यूज गेलेला, म्हणजे मोटरला अर्धवट वीज. तो बदलला, परत सॉकेट, आणि मोटर फिरली. तिच्यासाठी मागवलेला चहा अजून निवला नव्हता. पडद्यावर कासमभाईंनी लिहून ठेवलेली ओळ आली: ‘शाबास. आता जा कारखान्यात.’

फोनवरचे ते वाद कशासाठी होते, ते आता उलगडलं. चित्रातला मीटरही बिघडू शकेल, एवढं त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांशी भांडून मिळवलं होतं. मी घसा खाकरला, डोळे पुसले आणि मास्तरी आवाजात म्हणालो, ‘छान. मलाही साधारण तिथेच शंका होती.’

हेमांगी पडद्यावर माझ्या आधीच्या प्रयत्नांची नोंद बघत होती. ‘सर,’ ती शुद्ध मराठीत म्हणाली, ‘मीटर सांगत होता वीज नाही. मग तुमची मोटर चौदा वेळा जळली कशाने?’

हा प्रश्न पाच आठवड्यांत मला पडलेला नव्हता. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बॅचची मुलं तो बिघाड सोडवायला आपापला नंबर लावत आरडाओरडा करू लागली होती. मग मी टेस्टरच्या खिळ्याकडे बघितलं. तिनेही बघितलं आणि तिची शुद्ध मराठी संपली.

‘ह्यो भिंतीर कित्याक टांगलात, सर? तुमच्या गळ्यात व्हयो होतो.’