पाथरकरांचा मोठा टाईप

छापखान्यात कुणी जाहिरात छापायला आलं, की पाथरकर आधी हातातला कागद शेवटपर्यंत वाचून काढत. मग त्यातल्या एकेका नावावर आपलं काळं बोट ठेवून विचारत, "ह्यांनी केलंय काय?"

गिऱ्हाईक गोंधळायचं. "केलंय काय म्हंजे? सभापती हायेत ते!"

"ते वाचलं मी. केलंय काय?"

उत्तर पटलं तर ते मोठ्या अक्षरांचा खण ओढत, नाही पटलं तर त्याच्या खालचा. पैसे गिऱ्हाइकाचे, कागद मालकाचा, पण कुणाचं नाव केवढ्या टाईपात हे ठरवणार पाथरकर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाला हा अधिकार कुणी दिला, असं मालक महिन्यातून एकदा तरी विचारत. पाथरकर म्हणत, "नावाला वजन असतं, मालक. कागदाला पेलंल तेवढंच ठेवायचं." आणि पुढची ओळ जुळवायला लागत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षभर आधी मी नगरच्या त्या छापखान्यात प्रूफं तपासायला लागले. बी. ए. झालेली, कुणाचं ऐकून न घेणारी मुलगी. पाथरकर तेव्हा पन्नाशीचे असतील. मूळचे पारनेरकडचे, बुटके, अंगात सदैव मोठ्या खिशांचा खाकी कोट. ते मला बाई म्हणत, मी त्यांना मास्तर. पहिल्याच आठवड्यात एका जत्रेच्या कुस्त्यांची जाहिरात आली. वर पुढाऱ्यांची सात-आठ नावं आणि तळाशी, वाचायला भिंग लागेल अशा अक्षरांत, दोन पैलवान. पाथरकरांनी सगळा कागद उलटा केला. पैलवान वर, पुढारी तळाला. सरपंच भांडायला आले तेव्हा त्यांना म्हणाले, "लोकं कुस्ती बघाया येनार हायेत का तुमचं उपरनं?" सरपंच हसले, म्हणून निभावलं.

छापखान्यात सगळ्यांत मोठा टाईप लाकडी होता. वीतभर उंचीची अक्षरं, मऊ फडक्यात गुंडाळून सगळ्यांत खालच्या खणात ठेवलेली. तो खण पाथरकर सहसा उघडत नसत. मालकांनी स्वतःच्या मुलाच्या लग्नासाठी मागितला, तर त्यांनाही "पोरानं केलंय काय?" ऐकावं लागलं.

दुष्काळ पडला. अर्धा जिल्हा खडी फोडायला रस्त्यावर आला. दुष्काळ निधीसाठी शहरातल्या एका मंडळानं जाहीर कार्यक्रम ठरवला आणि त्याला मुंबईहून सिनेमाचा एक हिरो बोलावला. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हिरो नुसताच येणार, म्हणजे त्याला काही येत नव्हतं असं नाही, पण स्टेजवर करण्यासारखं येत नव्हतं. म्हणून जोडीला गाणं. गायला कोपरगावच्या द्वारकाबाई.

आज द्वारकाबाई कुणाला आठवत नाहीत, याचा मला राग येतो, तेव्हाही यायचा. जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातला. संगीत नाटकांच्या फिरत्या कंपन्यांत त्या नायिका होत्या. त्यांच्या रेकॉर्डी एके काळी हॉटेला-हॉटेलात लागत. कंपन्या बुडाल्यावर कोपरगावात मुलींना गाणं शिकवत होत्या. पाथरकरांनी त्यांना तरुणपणी ऐकलं होतं, पिटात जमिनीवर बसून, सलग पंधरा दिवस. "त्या गायच्या आन् मी दुसऱ्या दिवशी खिळे उलटे लावायचो," असं सांगताना ते चक्क लाजत.

मंडळाचे अध्यक्ष वकील होते. गोड बोलणारे, न चिडणारे. मजकूर घेऊन स्वतः आले. वर हिरोचं नाव, तेही वीतभर टाईपात हवं म्हणाले. आणि तळाशी एक ओळ: 'तसेच द्वारकाबाई कोपरगावकर यांचे गायन'.

पाथरकरांचं बोट हिरोच्या नावावर गेलं. "ह्यांनी केलंय काय?"

"अहो मास्तर, सबंध महाराष्ट्र ओळखतो त्यांना!"

"वळखतो, ते ठीक. केलंय काय?"

अध्यक्ष नुसते हसले. मालकांनी डोळे वटारले. पाथरकरांनी कागद घेतला, पण अध्यक्षांची पाठ वळताच माझ्याकडे आले. "तसेच म्हंजे काय हो, बाई? द्वारकाबाई काय चिवड्यावरची शेव हायेत?"

प्रूफ निघालं ते मजकुराबरहुकूम. अध्यक्षांनी सही केली. दुसऱ्या दिवशी मशीनवरून पहिला कागद निघाला आणि तपासायला माझ्यापुढे आला. वर, वीतभर अक्षरांत, द्वारकाबाई कोपरगावकर. आणि तळाशी, 'स्थळ' आणि 'वेळ' ज्या टाईपात असतात त्या टाईपात, 'तसेच' आणि पुढे हिरोचं नाव. मी मान वर केली. पाथरकर कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. सही झालेल्या प्रुफाशी कागद ताडून पाहणं हे माझं काम, त्याचाच मला पगार. मी बरोबरची खूण केली. मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बाईमाणसाला तळाला ढकलणाऱ्यांना चांगली चपराक बसली, असंच मला वाटलं.

माळीवाड्यापासून दिल्ली दरवाज्यापर्यंत पोस्टरं लागली आणि अध्यक्ष आले. मालकांना घाम फुटला. पुन्हा छापायला ना कागद होता ना वेळ. पाथरकर मान ताठ ठेवून म्हणाले, "मी केलंय. ह्या प्रूफवाल्या बाईंचा दोष न्हाई."

अध्यक्षांनी पोस्टर दोनदा वाचलं. आवाज तसूभर चढला नाही. "ठीक आहे. मोठं नाव मोठ्या जागी. कार्यक्रमही तसाच करू. मैफलीत थोर कलाकार शेवटी गातो, हो ना मास्तर? बाई शेवटी गातील."

पाथरकरांचा चेहरा असा फुलला, की मला त्यांच्याकडे बघवेना. अध्यक्षांना तेव्हाच सगळं दिसलं होतं, अशी माझी आज खात्री आहे. समोरचा माणूस कशानं सुखावतो आणि कशात अडकतो, हे वकिलाला बरोबर कळतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारचा. दुष्काळी कामांचे हजेरीपट छापायचे होते म्हणून छापखाना रविवारीही चालू होता. दोनच्या सुमाराला दाराशी मोटार थांबली आणि आत हिरो आला. मशीनवाल्यानं मशीन बंद केलं. पडद्यावर दिसतो त्याहून तो लहानखुरा होता, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, हातात आमचं पोस्टर.

"हे कुणी जुळवलं?"

"म्या," पाथरकर म्हणाले.

"एक प्रत मिळेल? ही भिंतीवरून काढली, फाटली. माझी आई द्वारकाबाईंच्या रेकॉर्डी लावायची. बाईंच्या नावाखाली माझं नाव छापून आलं, हे तिला दाखवीन."

मी पळत जाऊन प्रत आणली. गुंडाळी करता करता तो म्हणाला, "मास्तर, एक ऐका. बाईंना आधी गाऊ द्या. मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणतात, पोस्टरप्रमाणे ठरलंय, पण मास्तर कबूल असतील तर बदलतो. तुम्ही हो म्हणा."

"का बदलायचं?"

"मी उठलो की मैदान उठतं. मी काही करत नाही हो, नुसता उभा राहतो, तरी उठतं. रोज बघतो मी."

पाथरकरांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "म्हंजे शेवटची जागा तुमाला पायजे."

"जागा घेऊन मी काय करू? बाईंचं गाणं व्हायला हवं."

"न्हाई. थोर मानूस शेवटी. तुमी आपलं आधी उरकून घ्या."

हिरोनं माझ्याकडे पाहिलं. आपल्या बाजूचं एखादं माणूस शोधावं तसं पाहिलं. मी काय म्हणाले असेन? "मास्तर म्हणतात ते बरोबर आहे." इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहिताना माझा मलाच संताप येतो. त्या खोलीत गर्दीचा अनुभव असलेला एकच माणूस होता आणि तो सिनेमातला, म्हणून आम्ही दोघांनी त्याला खोटा ठरवला.

चारला मैदान भरलं. पारनेर, राहुरी, कुठून कुठून ट्रक आणि टेम्पो भरून माणसं आली होती. हिरोनं केस मागे सारले, दोन संवाद म्हटले, रेकॉर्डवर ओठ हलवले, दुष्काळाबद्दल चार शब्द बोलला. लोक वेडे झाले होते. साडेपाचला त्यानं नमस्कार केला आणि तो मोटारीकडे वळला. मैदान उठलं. खुर्च्या आडव्या पाडत, मुलांना खांद्यावर घेत, अख्खा जमाव मोटारीमागे धावला. अध्यक्षही निरोप द्यायला गेले, ते परत आले नाहीत.

स्टेजवर द्वारकाबाई येऊन बसल्या होत्या. नऊवारी, दोरा बांधलेला चष्मा, मांडीवर तंबोरा. समोर आम्ही वीस-पंचवीस जण आणि ट्रकची वाट बघणाऱ्या काही बायका. बाईंनी गायला सुरुवात केली. दोन मिनिटांत मांडववाल्याची माणसं लोखंडी खुर्च्या मिटून एकीवर एक आपटायला लागली. पाथरकर उठून धावले. "गाणं चाललंय, दिसत न्हाई? ठेवा खाली!"

"आमाला संध्याकाळी राहुरीला लगीन हाय, मास्तर," मांडववाला म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं. पाथरकरांनी एका गड्याच्या हातातली खुर्ची हिसकावली. तोवर बाजूला दुसरी वाजली, तिसरी वाजली. बाईंनी तेवढं एक पद पुरं केलं, सूर सोडला नाही, शब्द गाळला नाही. मग हात जोडले आणि तंबोऱ्याला गवसणी घातली.

आम्ही स्टेजमागे गेलो. पाथरकर वाकून नमस्कार करायला लागले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"पोस्टर तुमी केलंत?"

"व्हय, बाई. तुमचा मान..."

"कुनाला इचारून?" त्या स्टेजवर शुद्ध बोलत, रागावल्या की अकोले तालुक्यातली बोली येई. "त्या अध्यक्षानं मला इचारलं न्हाई, त्यो परका. तुमी तर माझं गानं ऐकलेलं मानूस म्हनता. तुमी तरी इचारायचं हुतं. चाळीस वर्सं गाते मी. मैदान कवा उठतं, मला कळत न्हाई व्हय? मी सांगितलं असतं, पयली बसवा. नाव बारीक असू द्या, तसेच असू द्या. समोर मानसं पायजेत. मला लई दिसांनी एवढी मानसं मिळनार हुती, मास्तर."

पाथरकरांनी तंबोरा उचलायला हात पुढे केला. "ऱ्हाऊ द्या," म्हणून त्या तो स्वतःच उचलून एस.टी. स्टँडकडे चालत गेल्या. त्यानंतर त्या जाहीर कार्यक्रमात गायल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सोमवारी पाथरकर कामावर आले ते वेगळेच. वीतभर अक्षरांचा खण त्यांनी पुन्हा कधी उघडला नाही. "केलंय काय" हा प्रश्नही बंद झाला. आता ते गिऱ्हाइकाला सांगत, "ज्याचं नाव हाय त्याला इचारून या, कसं पायजे ते." लोक वैतागत. जत्रेच्या जाहिरातीसाठी कोण कुठे पैलवानाला शोधत फिरणार? दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. गावात बोललं गेलं, की वकिलानं दम भरला, मास्तर घाबरला. वकिलाला घाबरतील पाथरकर! मला हे ऐकलं की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटे. ते मात्र म्हणत, "बोलू द्या, बाई. खरं काय ते सांगितलं, तर त्याच्यापरीस जास्त लाज हाय."

पुढे काही वर्षांनी ते गेले. शोकसभा झाली आणि अध्यक्षस्थानी कोण, तर तेच वकील. केस पांढरे झालेले, आवाज तोच मऊ. म्हणाले, "पाथरकर मास्तर आमच्या मंडळाचे जुने स्नेही. द्वारकाबाईंसारख्या थोर गायिकेला सन्मानानं शेवटचं स्थान द्यावं, हा आग्रह त्यांचाच. मंडळानं तो आनंदानं मानला." लोकांनी माना डोलावल्या. यातला एकेक शब्द खरा होता आणि सगळं मिळून शुद्ध खोटं होतं. माझं डोकं भणभणलं. मी ताडकन उभी राहिले. सगळं सांगणार होते, रिकामं मैदान, आपटणाऱ्या खुर्च्या, अध्यक्षांनी हसत हसत लावलेला सापळा, सगळं.

शेजारी पाथरकरांच्या पत्नी बसल्या होत्या. तोंड उघडणार, इतक्यात माझं मलाच थांबावंसं वाटलं. मी खाली वाकून विचारलं, "वहिनी, बोलू?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी बसले. इतका राग गिळून मी आयुष्यात दुसऱ्यांदा कधी बसले नाही.

यंदा हे लिहावंसं वाटलं तेव्हा वहिनींकडे गेले. त्या आता फार थकल्यात, कमी ऐकू येतं. मोठ्यानं विचारलं, मास्तरांवर लिहू का?

"लिवा," म्हणाल्या. "पन त्येंची चूक गाळू नगा. त्येंनी ती कवाच गाळली न्हाई."