सामंतांच्या गाडीची रेघ

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही हो. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. त्यातून आमची खोली तळमजल्यावर, खिडकी थेट कंपाउंडात! अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगीत जे काय घडायचं, ते माझ्या डोळ्यांदेखत. लोक म्हणतात, मी डोकावते. डोकावते कसली, दिसतं!

*

सत्तरच्या आसपासची गोष्ट. शेजारचे सामंत भाऊजी साकीनाक्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. एक दिवस बैलगाडीवर घालून मोटारगाडी घेऊन आले! विलायतेला परत गेलेल्या साहेबाने शेडमध्ये टाकून दिलेली. छप्पर नाही, नाक हे लांब, आणि बसायला दोघंच.

त्यांची बायको मालती म्हणाली, "मी नाही बसायची यात. कधीच!"

सेक्रेटरी कर्णिक म्हणाले, "दसऱ्याला वेसाव्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन दिवस मावळायच्या आत परत आली, तर ठेवा. नाहीतर भंगारात!"

भाऊजींनी कागदावर सही करून दिली. कर्णिकांनी तो घडी घालून खिशात टाकला. मी बघितलं ना!

*

मी सातवी पास बाई, मला गाडीतलं काय कळणार? पण एकदा भाऊजींनी मडगार्ड दाखवलं. पुढच्या चाकावरून उतरायचं, दारापाशी लवायचं, मागच्या चाकावर पुन्हा चढायचं. "बघा वहिनी, पेन्सिल न उचलता काढलंय! तिकडच्या कारागिरांनी आधी रेघ काढली, मग तिच्यात गाडी बसवली."

मी म्हटलं, "म्हणजे रांगोळीतला मोर. मान चुकली की कोंबडा!"

तेव्हापासून पत्रा ठोकून आला की हाक यायची, "वहिनी, रेघ तुटली का हो?" डावं मडगार्ड मी तीनदा परत पाठवलं. पत्रेवाला माझ्याकडे असा बघायचा!

*

इंजिन भाऊजींनी स्वतः सोडवून जोडलं. पण दाराचा पत्रा काढला आणि आत निघालं लाकूड! सगळा सांगाडाच लाकडाचा, वाळवीने भुगा केलेला. कर्णिक हसले, "गाडी आहे का कपाट?"

सुतार आला आणि बघून गेला. "यात एक काटकोन नाय साहेब. मी हात नाय लावणार."

दसरा दोन महिन्यांवर. भाऊजी पायरीवर डोकं धरून बसलेले. वेसाव्याची हिराबाई कोळीण माझ्या दारात मासळी निवडत होती. ती म्हणाली, "माझा सासरा होड्या बांधतो. होडीत तरी कुठं काटकोन हाय?"

*

सासरा आला, रामाजी. भाऊजींनी नकाशा पसरला. म्हाताऱ्याने त्यावर तंबाखूची डबी ठेवली आणि एक डोळा मिटून सकाळभर नुसता गाडीकडे बघत बसला. मग सागवान तासलं. पत्रा असा बसला, जसा कपाळावर हात!

घोळ एकच. पावसाचं पाणी जायला तळाला चार भोकं ठेवायची होती. रामाजीने ती कापूस आणि राळ घालून बुजवली. मला खिडकीत बघून म्हणाला, "तळाला भोक ठेवून कोण मरंल, बाय? साहेबाला सांगू नका."

जन्मात एकच गोष्ट पोटात ठेवली, आणि नेमकी तीच सांगायची होती!

*

दसऱ्याच्या सकाळी जोराची सर आली, ताडपत्री उडाली आणि गाडी सीटपर्यंत भरली. भाऊजी पांढरेफटक! रामाजी मात्र खूष. "बघा साहेब, एक थेंब गळला नाय!"

बादल्या आणून उपसलं. बॅटरी बसलेली. दुपार कलली. फाटकाबाहेर भंगारवाल्याची हातगाडी येऊन उभी.

रामाजी ओरडला, "होडी काय आपली आपण पाण्यात जाते? लावा खांदा!"

सगळी बिल्डिंग लागली. बाजूला बघते तर कर्णिक!

"तुम्ही कसे?"

"वहिनी, मडगार्ड रेटू नका, रेघ तुटेल!"

फाटकाशी इंजिन धडधडलं. "आता थांबता येत नाही, बंद पडेल!" भाऊजी ओरडले. ओवाळायला आलेली मालती तबकासकट धावली आणि त्या ठेंगण्या दारावरून सरळ आत!

*

पाच वाजले. साडेपाच. वेसावं ते केवढंसं लांब! आम्ही सगळे फाटकात. ऊन गच्चीवर चढलं. भंगारवाल्याने हातगाडी फाटकाच्या आत घेतली. कर्णिकांनी खिशातून तो कागद काढला, पुन्हा आत ठेवला.

आणि आवाज आला.

नाक आधी दिसलं, मग गाडी. भाऊजी बाजूच्या सीटवर, मांडीवर तबक घट्ट धरून. स्टिअरिंगवर मालती!

"अहो कर्णिक, ती हातगाडी हलवा! ब्रेक कुठला ते यांनी अजून सांगितलं नाही!"