भस्माच्या पट्ट्यातली मोकळी जागा

जगातलं यच्चयावत दुखणं कातडीवरूनच हुसकावता येतं, असं मानणारा माणूस अख्ख्या उदगिरात एकच होता: माझ्या ताईचे सासरे, अप्पा. "गोळी बिचारी पोटात पत्ता इचारत फिरती, पाहुणे," ते मला सांगत, "मलम कसं, थेट दारात!" लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण पावसाला ते कुणी कळवलंच नसावं. आंघोळीला पाणी नाही, म्हणून गावभर नायटे. अप्पांच्या किराणा दुकानात गूळ मागायला आलेला माणूस मान-काख दाखवून, मलम चोपडून घेतल्याशिवाय सुटत नसे. आधी नायटा धुवायचा, तोही अप्पांनी स्वतःच्या आंघोळीसाठी राखलेल्या पाण्यानं. देवणीच्या बाजारात तर त्यांनी एका बैलाची मान अशी चोळली, की सौदा झाल्यावर तो नव्या मालकाला सोडून यांच्याच मागं निघाला.

अशा माणसाच्या कपाळावरच न भरणारी खपली धरली. लातूरच्या डॉक्टरांनी तुकडा तपासला आणि म्हणाले, "कातडीचा कॅन्सर आहे. वरवरचा आहे, मलमानं जाईल." आम्ही गारठलो, अप्पा मात्र खूश! "बघा, कॅन्सरला बी मलमच!"

पण खपली हलेना. डॉक्टर शस्त्रक्रियेचं बोलू लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "लावता कसं, दाखवा बरं." अप्पांनी मलम लावलं, 'शिवशिव' म्हणाले आणि त्यावरच बोटबोट जाड भस्माचे तीन पट्टे ओढले.

"अहो, ही राख सगळं मलम पिऊन टाकते! कातडीला काय उरतं?"

उभ्या गावाला कातडी शिकवणारे अप्पा भस्माची डबी खिशात घालून उठले. घरी येऊन म्हणाले, "जल्मात कपाळ मोकळं ठेवलं न्हाई. आता ठेवू?"

ताईनं आरसा पुढं धरला. "मामंजी, महादेव दोन बोटं सरकून बसंल की."

दुसऱ्या दिवसापासून पट्टे खपलीच्या अलीकडं थांबू लागले आणि पलीकडं पुन्हा सुरू होऊ लागले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं कपाळ लालभडक झालं, आग आग झाली. आम्ही कळवळायचो. "जळायलंय म्हंजे काम करायलंय," म्हणत अप्पा दातओठ खाऊन मलम लावतच राहिले. खपली गेली, पांढुरका डाग तेवढा राहिला. डॉक्टरांनी भस्माला परवानगी दिली, तरी अप्पांनी ती जागा कधीच झाकली नाही. "दवा गेली ती वाट हाय," म्हणायचे.

पिकल्या वयात अप्पा गेले. लिंगायतांच्या रीतीनं देह शेवटच्या पूजेला बसवल्यावर जंगमस्वामींनी कपाळभर भस्म लावलं. ताई पुढं झाली आणि पदराच्या टोकानं तेवढी जागा हळूच पुसून मोकळी केली.