खाली मामा आहे

माझा मामा बोटीवर खलाशी होता. रजेवर आमच्या गावी, कापड्याला आला की श्रावणात फुगलेल्या नदीत लाकडी फळी टाकायचा आणि तिच्यावर पालथा पडून लोंढ्याबरोबर वाहत यायचा. कुठल्याशा परक्या बंदरात त्याने माणसांना फळीवर उभं राहून लाटेवरून येताना पाहिलं होतं. मग तोही शिकला. "लाट उचलते ना, तेव्हा माणसाला वजनच राहत नाय गो," असं आईला सांगायचा. आईने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

एका वर्षी दूरच्या बंदरात तो असाच फळी घेऊन समुद्रात गेला आणि परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही.

तेव्हापासून आईने नदीवर भांडी घासणं सोडलं. सगळ्या बायका भांडी घासून राख पाण्यात सोडायच्या. आई हंडे भरून घरी आणायची आणि परसात केळीखाली घासायची. आम्ही नदीत काही टाकलं की ओरडायची, "घाण टाकू नका. हे पाणी महाडावरनं समुद्राला जातं. तिथं माझा भाऊ हाय." बायका हसायच्या. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

काही वर्षांनी आई गेली. तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने तिची राख नदीत सोडली. पाणी पांढुरकं झालं. मी काठावर उभी होते, आणि आई आता ओरडेल म्हणून वाट बघत होते.