बाईंचा राहिलेला प्रयोग

बाई भाव करत नसत. भाईंदरच्या गोडदेव नाक्यावर भाजीवाला सांगेल तो दर "ठीक आहे" म्हणून मोजायच्या. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा. हातगाडीवरच्या चार बांबूंपासून तो वाढवला, तो घासाघीस करूनच. त्यामुळे शेजारीण म्हणून मला बाईंचा रागच यायचा.

गिरगावातून आलेल्या, एकट्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. नाट्यशास्त्रात डॉक्टरेट करत होत्या. अजून काय उरलंय, असं एकदा विचारलं. अभ्यासक्रम, निबंध, प्रबंध, सगळं झालं होतं. राहिला होता एक प्रयोग, परीक्षकांसमोर, आणि त्यावरची तोंडी परीक्षा. विषय धवला. आमच्या शेजारच्या राई गावच्या लग्नांत धवलारीण बाई हळदीपासून जी गाणी म्हणते आणि ज्यांवर लग्न लागतं, ती. प्रयोग मार्चच्या आत विद्यापीठाच्या सभागृहात व्हायला हवा होता. मुदत टळली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

राईची धवलारीण हिराबाय सभागृहात यायला तयार नव्हती. "लगीन न्हाय, हलद न्हाय, मंग धवला कोनाचे नावान गाऊ?"

मी म्हटलं, हे माझ्यावर सोडा. कॉलेजातली दोन पोरं नवरा-नवरी म्हणून बसवू. गोड बोलून मी हिराबायला अर्धीअधिक वळवलीही. मोडता घातला तो बाईंनी. "खोटं लग्न लावून खरी पदवी घेऊ का, शेठ?" मी ताडकन उठलो. समोरचा जितका तापेल तितक्या बाई हळू बोलायच्या. म्हणाल्या, चहा घेऊन रागवा.

युक्ती मला सुचली ती हिराबायच्या अंगणात, वृंदावन बघून. तुळशीचं लग्न! ते काही खोटं नाही. हिराबायने मान डोलावली, पण कार्तिकातच. मी म्हटलं, तुळस काय कॅलेंडर बघते? मार्चमध्ये उरकू.

"तुजे पोराचा बारसा लगनाआधी केलास काय रं?" ती म्हणाली. अंगणातल्या बाया अजून हसत असतील.

मग जे झालं त्यावर माझा विश्वास बसेना. कोथिंबिरीसाठी तोंड न उघडणारी ही बाई कार्तिकासाठी विद्यापीठाशी भांडली. सुट्टीत परीक्षक येत नाहीत, सभागृहाबाहेर प्रयोग चालत नाही, असं काय काय तिला ऐकवलं. ही दर आठवड्याला तिथे जाऊन बसे, आवाज न चढवता. शेवटी मुदत वाढली.

कार्तिकात राईच्या अंगणात माझाच मंडप. परीक्षक पहिल्या रांगेत. अंतरपाट धरला, हिराबायने धवला उचलला, मागून बायांनी सूर ओढला. संपल्यावर मोठ्या परीक्षकांनी विचारलं, यात कलाकार दिसले, पण प्रेक्षक कोण?

"ज्यांच्या हातात अक्षता नाहीत ते," बाई म्हणाल्या.

साहेबांनी आपली मूठ उघडून पाहिली. आत दोनचार दाणे चिकटलेले होते. ते हसले. बाई डॉक्टर झाल्या.

आता माझं दुखणं. प्रबंध बांधून आला. आभाराच्या पानावर ग्रंथालयाचा शिपाईसुद्धा होता, मी नव्हतो. तडक दारात जाऊन उभा राहिलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. बाईंनी ऐकून घेतलं.

"शेठ, आपल्या माणसांचे कोणी आभार मानतं का?"

मला ते पटलं नाही. छापलेलं नाव ते छापलेलं नाव.

पुढे त्यांची कोल्हापूरला नेमणूक झाली. दिवाळीला फोन यायचा. त्यातही मी आभाराचा विषय काढायचो आणि त्या हसायच्या. मग एका सकाळी त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. लांबलेल्या आजारात बाई पहाटे गेल्या होत्या. तो म्हणाला, "ताईने बजावून ठेवलं होतं, नातेवाइकांना मागाहून सांग, आधी भाईंदरला कळव."

मी त्या पोराला फोनवरच झापलं. एवढी आजारी होती तर तेव्हा का नाही कळवलं, मी कोण परका होतो?