वरच्या हॉलचा ठराव

सावेडीतल्या आमच्या मशिदीच्या कमिटीचा मी सेक्रेटरी. ठराव वहीत लिहितो, पण खरी मजा वहीत मावत नाही. ती मी टपरीवर मित्रांना सांगत बसतो आणि माझा चहा दर वेळी गार होतो.

आमचे चेअरमन हाजीचाचा. सत्तरी ओलांडलेली, आवाज खणखणीत, माणूस मनाने मऊ. पण काही नवीन निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं, "नया है, नको!"

नमाजाच्या वेळा दाखवणारं डिजिटल घड्याळ भिंतीवर लावायचं ठरलं, तेव्हाही तेच. आमचे मौलाना पाथर्डीकडचे. ते हसून म्हणाले, "चाचा, तुमच्या मनगटावरचं घड्याळ लई जुन्या जमान्यातलं हाय व्हय?"

चाचांनी तणतणत घड्याळ काढून खिशात टाकलं. पाच मिनिटांनी मलाच विचारतात, "टाइम क्या हुआ?"

*

एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या मोठ्या नमाजाला, मौलाना कारभारावर बोलले. कारभाऱ्याने मनमानी करू नये, सगळ्यांशी मशवरा करावा, म्हणजे सल्लामसलत. चाचा भलतेच खूश! पुढच्या मीटिंगला आल्या आल्या म्हणाले, "आजपासून सगळं मशवऱ्याने. चलो, मशवरा करो. फैसला मैंने कर लिया है!"

*

नंतरच्या जुम्म्याला विषय होता शेजाऱ्यांचे हक्क. नमाज संपताच चाचा तरातरा बाहेर. आम्हाला वाटलं, रागावले! जाऊन बघतो तर शेजारच्या जोशीसरांच्या गेटसमोर रोज लावलेली असायची ती आपली स्कूटर चाचा स्वतः ढकलत बाजूला नेत होते.

जोशीसर गेटातून म्हणाले, "हाजीसाहेब, दर शुक्रवारी हाच विषय ठेवा ना!"

*

शबानाआपा म्हणजे मराठी शाळेच्या निवृत्त हेडबाई. मशिदीचा रिकामा वरचा हॉल बायकांना नमाजासाठी द्यावा, असा त्यांचा अर्ज होता. त्यांच्या सुनेने एकदा नोकरीवरून येताना रिक्षास्टँडच्या मागे ओढणी अंथरून नमाज पढली होती. आपांनी ते सांगितलं आणि मला खरंच लाज वाटली.

चाचा म्हणाले, "नया है, नको!"

"नवीन?" आपा उसळल्या. "पैगंबरसाहेबांच्या काळात बायका मशिदीत नमाज पढायच्या. नवीन तर तुमची ही बंदी आहे!"

चाचांनी घाईघाईने चहा मागवला. चहा त्यांच्या समोरच होता.

*

शेवटी मतदान ठरलं. हात वर करायचे म्हटले तर सगळे आधी चाचांकडे बघणार, हे आपांनी ओळखलं होतं. शाळेत मॉनिटर निवडतात तशा कोऱ्या चिठ्ठ्या आणि नानकटाईचा रिकामा डबा घेऊनच त्या आल्या. मतदार आम्ही कमिटीचे सात, चाचा धरून.

"मैं तो 'नको' लिखूंगा, खुल्लमखुल्ला!" चाचांनी जाहीर केलं, आणि परीक्षेतल्या पोरासारखा हात आडवा धरून चिठ्ठी लिहिली.

आपा एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचू लागल्या. हो. हो. हो. सातव्या चिठ्ठीवरही हो! आपांचे डोळे भरून आले. हॉल मिळाला होता.

आम्ही सगळ्यांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी टेबलावर हात आपटला आणि ते गरजले, "गद्दारी! अपने में से कौन फूटा?"